'परवडणारे घर' खरेदीदाराच्या मासिक हप्त्यावरून ठरविण्याबाबत निवेदन

स्थळ : डोंबिवली (पूर्व), जि. ठाणे

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबई महानगर प्रदेशातील अल्प उत्पन्न कुटुंबांना घर विकत घेता यावे यासाठी नियमांत बदल करणेबाबत.

महोदय,

आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहणारे चौघांचे कुटुंब. अर्जदार एमआयडीसीतील एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, पत्नी घरून पोळीभाजीचे डबे देते, मुलगी नववीत आहे आणि आई सोबत असते. गेल्या 12 वर्षांत पाच घरे बदलली. दर 11 महिन्यांनी नवा करार, नवे डिपॉझिट, आणि गॅसच्या कार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे पत्ता बदलण्याची खटपट. सध्याचे भाडे 11,000 रुपये. तीन वर्षांपूर्वी ठरवले की आता घर घ्यायचेच. तेव्हापासून प्रत्येक रविवार त्यात गेला. या वणवणीत जे हिशेब वहीत उतरले, ते आपल्यापुढे सादर करीत आहोत.

मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 'माझे घर, माझा अधिकार' हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले आणि 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. अडचण आहे ती 'परवडणारे' या शब्दाची. जीएसटीच्या सवलतीसाठी महानगरात 60 चौ. मी. चटई क्षेत्र आणि 45 लाखांपर्यंतची किंमत असलेले घर परवडणारे. पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 च्या व्याज अनुदानासाठी 35 लाखांपर्यंतचे. ही मापे घराची झाली. घेणाऱ्याचे उत्पन्न विचारले जाते ते अर्ज स्वीकारायचा की बाद करायचा एवढ्यापुरते. महिन्याला किती हप्ता झेपेल, हे आजवर बिल्डर सोडून आम्हाला कोणी विचारले नाही, आणि त्याने कशासाठी विचारले ते सांगायला नको.

आमचे दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न 6 लाख 20 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 51,600 रुपये. कल्याण-शीळ रस्त्यालगत एका प्रकल्पात वन बीएचके पाहिला, करारकिंमत 38 लाख. बँकेने 30 लाखांचे कर्ज देऊ केले. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांचा हप्ता 26,000 च्या वर जातो. उरलेले 8 लाख आमचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी मिळून सव्वातीन लाखांच्या पुढे. शिवाय जाहिरातीत कुठेही नसलेले आणि करार करायला बसल्यावर कागदावर आलेले 'इतर खर्च' अडीच लाख : पार्किंग, क्लब, सोसायटीची आगाऊ देखभाल. म्हणजे पावणेचौदा लाख रोख हातात हवेत. आमची शिल्लक साडेपाच लाख. पत्नीचे मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने त्यात धरलेले आहेत. त्यावर ताबा मिळेपर्यंत घरभाडेही सुरूच. सरकारी व्याख्येप्रमाणे हे घर परवडणारे असल्याने त्यावर जीएसटी एकच टक्का होता, हे नमूद करतो.

व्याज अनुदान मात्र मिळणार नव्हते. घर 35 लाखांच्या वर आणि कर्ज 25 लाखांच्या वर, म्हणून योजनेबाहेर. त्यावर तिथल्या विक्री प्रतिनिधीने उपाय सुचवला : करार 35 च्या आत दाखवू, वरचे रोख द्या. पाच वर्षांत पाच हप्त्यांनी मिळणाऱ्या जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांसाठी खोटा करार करायचा आणि बँकेचे कर्ज आणखी कमी करून घ्यायचे. आम्ही उठून आलो. किती जण उठत नसतील, याचा अंदाज आपल्या खात्याला असावा.

उत्पन्नाचा तिसरा हिस्सा हप्त्यात जावा असे मानले, तर आमचा हप्ता 17,000 आणि त्यात कर्ज बसते साडेएकोणीस लाखांचे. म्हणजे आमच्या ऐपतीचे घर वीसेक लाखांचे. आणि तशी घरे आहेत! कल्याणजवळ खोणी आणि शिरढोण येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने पंतप्रधान आवास योजनेतून अत्यल्प उत्पन्न गटासाठी ती बांधली आहेत. पण या गटाची मर्यादा 6 लाख. अर्जदाराला त्या वर्षी ओव्हरटाइम जास्त मिळाला, म्हणून आम्ही 20 हजारांनी वर गेलो आणि अल्प उत्पन्न गटात पडलो. वरच्या गटात अर्ज करता येतो, खालच्या गटात येत नाही. 20 हजार जास्त कमावल्याची ही किंमत लाखांत जाते. पुढच्या वर्षी ओव्हरटाइम नाकारावा का, अशी चर्चा आमच्या घरात खरोखरच झाली.

सोडतीचा मार्ग आम्ही सोडलेला नाही. प्रत्येक अर्जामागे परत न मिळणारे 590 रुपये भरतो. 2025 च्या कोकण मंडळाच्या सोडतीत 5,285 घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांतली खाजगी प्रकल्पांतल्या 20 टक्के योजनेची, म्हणजे स्टेशन आणि शाळा जवळ असलेली घरे होती 565. उलट विरार-बोळींजला हजारो घरे पाणी आणि अंतर या कारणांनी वर्षानुवर्षे पडून राहिली.

जुन्या इमारतींतही पाहिले. किंमत खिशाला जवळची, पण भोगवटा प्रमाणपत्र नाही, जमीन सोसायटीच्या नावावर नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. आणि आमच्याच महापालिका हद्दीतल्या 65 इमारतींचे प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळाली, लोकांनी ती नोंदणी पाहून घरे घेतली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आमच्या कारखान्यातला एक सहकारी तिथे राहतो. त्याचे हप्ते चालू आहेत.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

सर्वात महत्त्वाची मागणी अशी की, शासनाच्या कोणत्याही सवलतीचे घर 'परवडणारे' म्हणून विकताना त्या उत्पन्न गटाच्या कमाल मासिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शात त्याचा हप्ता बसला पाहिजे. जाहिरातीत करारकिमतीसोबत सर्व खर्च धरून एकूण रक्कम आणि 20 वर्षांचा हप्ता छापणे बंधनकारक करावे. या एका अटीने निम्मे प्रश्न उघडे पडतील.

उत्पन्न एका वर्षाचे न धरता तीन वर्षांच्या सरासरीने धरावे. मर्यादेच्या थोडे वर असलेल्यांना थेट बाद न करता घराच्या किमतीत तेवढा फरक भरण्याची मुभा द्यावी.

विक्रीविना पडून असलेली घरे जुन्या भाडेखरेदी पद्धतीने द्यावीत. गृहनिर्माण मंडळाच्या कित्येक वसाहती अशाच उभ्या राहिल्या. आज आम्ही जे भाडे घरमालकाला देतो ते किमतीत वळते होईल. मात्र ताबा देण्याआधी पाणी आणि स्टेशनपर्यंतची बस सुरू झालेली असावी.

महानगर प्रदेशासाठी व्याज अनुदानाची 35 आणि 25 लाखांची मर्यादा वाढवावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. महिलेच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्का सवलत पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीलाही द्यावी. आम्ही गेलो त्या बँकेला दोघांचीही नावे हवी होती.

महारेराच्या नोंदणीवर विसंबून घर घेणाऱ्याची फसवणूक झाल्यास, परवानगी खरी होती की नाही हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलू नये आणि इमारत पाडण्याआधी त्याच्या पुनर्वसनाचे ठरावे.

आमचा सध्याचा भाडेकरार येत्या मे अखेरीस संपतो आणि घरमालकांनी दहा टक्के वाढ सांगितली आहे. मुलगी तेव्हा दहावीत जाईल. निदान त्या वर्षी तरी शाळा बदलू नये, अशी इच्छा आहे. या निवेदनावर त्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
अर्जदार व पत्नी
(सह्या)

प्रत माहितीस्तव : मा. उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हाडा, गृहनिर्माण भवन, वांद्रे (पूर्व), मुंबई