नोटीस बजावली, जबाबदारी संपली?

30 ऑक्टोबर 2022 रोजी अमरावतीच्या प्रभात चौक परिसरात एक जीर्ण इमारत कोसळली आणि पाच जणांचा बळी गेला. शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, चौकशीचे आश्वासन दिले. या इमारतीला महापालिकेने आधीच नोटीस दिलेली होती. म्हणजे धोका कोणाला माहीत नव्हता असे नाही. माहीत असूनही तो दूर करणे कोणाचेच काम नव्हते, हे खरे दुखणे आहे.

महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली धोकादायक इमारतीला नोटीस बजावता येते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अमरावती-अकोल्यात अशा याद्या निघतात, कागद भिंतीवर चिकटतो आणि प्रशासन हात झटकून मोकळे होते. घर रिकामे करणाऱ्या भाडेकरूने जायचे कोठे, याचे उत्तर त्या कागदावर नसते. बाहेर पडलो तर हक्क गेला, ही धास्ती त्याला मोडक्या छपराखाली बसवून ठेवते. घरमालक तरी काय करणार? जुन्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्याला 1999 च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिली. पंचवीस रुपये भाड्याच्या खोलीवर ही वाढ एक रुपया होते! त्या रुपयात सागवानी तुळई बदलावी, अशी अपेक्षा समाजवादी न्यायाचे ढोल बडवणाऱ्यांनीच करावी. गरिबाच्या कैवाराच्या नावाने केलेल्या या कायद्याने गरिबाच्याच डोक्यावर छप्पर पाडले. मात्र युतीच्या राजवटीलाही ही गाठ सोडवता आली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 चा कायदा झाला, दुरुस्ती मंडळ उभे राहिले, संक्रमण शिबिरे आली. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, पण व्यवस्था आहे. वऱ्हाडच्या वाट्याला काय आले? 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने भाडेकरू असलेल्या जीर्ण इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. परंतु चटईक्षेत्र हे चलन मुंबईच्या बाजारात खपते. जुन्या अमरावतीच्या अरुंद बोळातल्या भूखंडावर जादा मजल्यांना ना रस्त्याची रुंदी पुरते, ना ग्राहक मिळतो. त्यामुळे विकासक तिकडे फिरकत नाही. तो शहराबाहेरच्या मोकळ्या शिवारात मनोरे उभारतो आणि जाहिरातीत ‘परवडणारी घरे’ म्हणतो. कोणाला परवडणारी, हे विचारायचे नसते.

उंच इमारत म्हणजे प्रगती, ही समजूत तर आता तपासलीच पाहिजे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर राहिले; खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचेना आणि क्षयरोगाने तेथे ठाण मांडले. अकोल्याने ही नक्कल कशासाठी करायची? मे 2024 मध्ये उष्णतेमुळे ज्या जिल्ह्यात कलम 144 लागू करावे लागले, तेथे पातळ काँक्रीटच्या सातव्या मजल्यावर उद्वाहन बंद आणि नळ कोरडा असताना म्हातारी माणसे दिवस कसा काढणार? वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांना निदान ऊन कळत होते. खारपाणपट्ट्यामुळे परिसरातल्या विहिरींचेही पाणी सर्वत्र पिण्याजोगे नाही. अकोला शहराचा भार काटेपूर्णेच्या धरणावर आहे. पाण्याचा हिशेब न मांडता मजले मंजूर करणे याला नियोजन म्हणत नाहीत.

2015 च्या पंतप्रधान आवास योजनेने एक वेगळी वाट दाखवली, हे मान्य करावे लागेल. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख थेट मिळू लागले. मध्ये विकासक नाही. ज्याच्या नावावर जागा आहे त्याला तिचा खरा लाभ झाला. परंतु वाड्यातला भाडेकरू आणि नझुलच्या किंवा शासकीय जमिनीवर पट्ट्याविना राहणारा कष्टकरी कागदाअभावी दाराबाहेरच राहिला. पं. दीनदयाळजींनी 1965 मध्ये एकात्म मानवदर्शन मांडले. त्यातला शेवटचा माणूस तो हाच. त्यांची प्रतिमा मागे लावून सत्ता चालवणाऱ्यांनी या माणसाला पट्टा देण्यास इतकी वर्षे का लावावीत? विरोधकांवर खापर फोडण्याची सोय आता उरलेली नाही.

करण्यासारखे बरेच आहे. महापालिकांनी आपल्या मोकळ्या जागांवर दोन-तीन मजली संक्रमण निवासे बांधावीत. वाडा सोडतानाच भाडेकरूच्या हाती परतीच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त द्यावा. एकट्याने न परवडणारे शेजारचे तीन-चार भूखंड एकत्र करणाऱ्या मालक-भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला बिनव्याजी कर्ज मिळावे. वस्त्यांतून सेवाकार्य करणारे कार्यकर्ते आहेत, त्यांनी आपापल्या भागातील धोकादायक घरांची यादी महापालिकेकडून मागून घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहून ती आयुक्तांकडे परत न्यावी : हे कुटुंब या पावसाळ्यात कोठे राहणार?