जीपवरचा खर्च : कोणता कामाचा, कोणता दिखाव्याचा?

कोकणातील मासळी व आंब्याचे व्यापारी, चिरेखाणीचे ठेकेदार, घाटमाथ्यावरचे लाकूडवाले, मराठवाड्यात शेतावर जाऊन माल उचलणारे आडते, यांच्यापैकी अनेकांच्या दारात आज एखादी जीप उभी असते. कोणाकडे जुनी मेजर किंवा कमांडर आहे, कोणाकडे बोलेरो, कोणाकडे सेकंडहँड थार, तर कोणी मारुतीची जिप्सी अजून जपून ठेवली आहे. ज्या कंपनीने १९४७ पासून आपल्याकडे जीप जोडायला सुरुवात केली, तिचे १९४५ सालचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. हे जाता जाता सांगितले. आजचा विषय वेगळा आहे.

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तिच्यावर जो वरखर्च होतो, त्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. दिवे, गार्ड, उंच टायर, विंच, स्नॉर्कल, छतावरचा कॅरियर अशी यादी वाढत जाते आणि धंद्याचे भांडवल गाडीच्या अंगावर चढते. या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आपलेच लोक आहेत. पैसे देणारा व्यापारी आपला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत किंवा तालुक्याच्या नाक्यावर ते काम करून देणारा वेल्डर, वायरमन, फिटर हाही बहुधा आपलाच. म्हणून हा हिशेब दोघांनीही वाचावा.

आम्ही हा धडा पैसे मोजून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी जीप घेतली. हौसेने छतावर चार दिवे लावले, पुढे लोखंडी गार्ड बसविला, मागे चकचकीत हुक वेल्ड करून घेतला. टायर झिजलेले होते, पण ‘अजून एक पावसाळा निघेल’ म्हणून तसेच ठेवले. जुलै महिन्यात चिरेखाणीच्या रस्त्यावर तांबड्या चिखलात गाडी बसली. ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि पहिल्याच झटक्याला तो हुक वेल्डिंगसकट निखळून दोराबरोबर उडाला. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा दोन हातांवर उभा होता. तो वाचला. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो : ही गाडीला अडकू देत नाही काय, आणि अडकलीच तर सुखरूप बाहेर काढते काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू हौसेच्या खात्यात लिहावी.

या कसोटीवर पहिला क्रमांक टायरचा. जमिनीला गाडीचे तेवढेच चार तळवे लागतात. बाकी सर्व लोखंड त्यांच्यावर अवलंबून आहे. आपल्या व्यापाऱ्याची गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर आणि थोडाच वेळ कच्च्यावर चालते. त्याला ‘ऑल टेरेन’ जातीचा टायर पुरेसा आहे. मोठ्या ठोकळ्यांचा ‘मड टेरेन’ टायर दिसायला मर्दानी असतो आणि चिखलात चालतोही चांगला, पण पावसात ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, आवाज फार करतो आणि लवकर झिजतो. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने याचा नीट विचार करावा. काळ्या मातीच्या मुलखात मात्र साधी नक्षी दोन फेऱ्यांत लिंपून गुळगुळीत होते. तिथे मोठ्या ठोकळ्यांचा टायर चिखल झटकून टाकतो, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

आता मापाची गोष्ट. बोलेरोला साधारणतः २१५/७५ आर १५ मापाचा टायर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसविला की गाडी ‘उठून दिसते’ असे सांगतात. हिशेब करून पाहा. पहिल्याचा व्यास सुमारे ७०४ मि.मी., दुसऱ्याचा ७३४. फरक ३० मि.मी.; पण अॅक्सल वर येतो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड सेंटिमीटर. तेवढ्यासाठी चार टायरांचे पैसे जातात, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६२-६३ ने धावत असते, गिअर जड होतात, ब्रेकवर ताण येतो आणि वळताना टायर मडगार्डला घासला तर ते कापण्याचा खर्च वेगळाच. आमचे मत स्पष्ट आहे : माप कंपनीचेच ठेवावे, दर्जा वाढवावा.

जुन्या बाजारात टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी खोल दिसली तरी रबर जुने होऊन कडक झालेले असते. विकणारा वर काळा रंग फासून देतो. आकडे पुसणे मात्र त्याला जमत नाही.

आणि टायरमधील सर्वात मोठी सुधारणा फुकट आहे. वाळूत किंवा भुसभुशीत चिखलात शिरण्यापूर्वी ३०-३२ पौंड हवा उतरवून १८-२० वर आणली की टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा तळवा लांब होतो आणि गाडी रुतत नाही. वेग अगदी कमी ठेवावा, झटक्याने वळू नये, गाडीत वजन असेल तर एवढी हवा उतरवू नये, आणि डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजायचे चांगले मीटर एवढेच लागते. छतावरच्या दिव्यांच्या पट्टीपेक्षा हा पंप आम्हांस कितीतरी मोलाचा वाटतो. (समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर गाडी नेण्याची हौस मात्र करू नये. दर सुटीत पर्यटकांच्या गाड्या रुततात, भरतीत बुडतात आणि वर पोलिसांची कारवाई होते.)

दुसरा क्रमांक ओढण्याच्या हुकचा. हुक बंपरला किंवा पातळ पत्र्याला वेल्ड केलेला असू नये. तो चासीच्या मुख्य पट्टीला, आतून जाड पट्टी देऊन, ८.८ ग्रेडच्या बोल्टने कसलेला असावा. एक पुढे, एक मागे. सोबत चांगला नायलॉनचा पट्टा आणि दोन शॅकल ठेवावेत. तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो. तोच वापरणे भाग असेल तर त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि माणसांना दोराच्या लांबीपेक्षा अधिक दूर उभे करावे.

तिसरे काम खास आपल्या वेल्डर बंधूंचे आहे : चेंबरखालची प्लेट. दगडावर आपटून चेंबर फुटले की इंजिनातील ऑइल पाच मिनिटांत जमिनीवर येते. मालकाने इंजिन लगेच बंद केले नाही तर बेअरिंग जातात आणि बर्फातली मासळी रस्त्यातच वितळते. ३ मि.मी. जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते. ६० बाय ८० सेंटिमीटरची प्लेट म्हणजे साधारण अकरा किलो. हीच ५ मि.मी.ची केली तर एकोणीस किलोच्या जवळ जाते, आणि गिऱ्हाईक नेहमी ‘जाड लाव’ म्हणते. आमच्या मते ३ मि.मी. पत्र्याला दोन-तीन ठिकाणी बाक देऊन ताकद आणावी. ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवावे, नाही तर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट उतरवावी लागते. चिखल-पाणी निघून जाण्यास आणि हवा खेळण्यास फटी ठेवाव्यात. प्लेट नटबोल्टने बसवावी. चासीला वेल्ड करून ती कमजोर करू नये.

वायरमन बंधूंसाठीही एक काम आहे. जुन्या जीपचा दिवा मंद पडला की लोक जास्त वॅटचा बल्ब किंवा एलईडी पट्टी लावतात. खरा दोष बहुधा वायरीत असतो. ६० वॅटच्या दोन बल्बांना बारा व्होल्टवर सुमारे १० अँपिअर करंट लागतो, आणि तो सगळा जुन्या बारीक वायरीतून व डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. वाटेत दहा टक्के व्होल्टेज गळाले तरी उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले एवढे केले की तोच बल्ब नव्यासारखा पडतो आणि स्विचही जळत नाही. खर्च किरकोळ, उपयोग रोजचा. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणाऱ्या पट्ट्यांची मग गरज उरत नाही.

आता महागड्या वस्तूंकडे येऊ. विंच ही खरोखर कामाची वस्तू आहे, पण सर्वांच्या नव्हे. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीची ती असावी लागते. दोन हजार किलोच्या गाडीला तीन हजार किलोची. छापील ताकदही ढोलावर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाची असते. सगळा दोर गुंडाळलेला असेल तर ती बरीच कमी पडते. शिवाय जोर लागला की विंच शेकडो अँपिअर करंट खाते आणि बॅटरी बसते. आणि दोर बांधायचा कशाला? कोकणात झाड सापडते, बालाघाटाच्या उघड्या माळावर कोठून आणणार? समजा, चाळीस हजारांची विंच बसविली आणि वर्षातून दोनदा वापरली. पाच वर्षांत दहा वेळा. म्हणजे दर वेळी चार हजार. तेवढ्यात गावचा ट्रॅक्टर येऊन चहा पिऊन जाईल. जो जंगलात एकटा काम करतो, ज्याला ट्रॅक्टर मिळणारच नाही, त्याने मात्र विंच जरूर घ्यावी. इतरांना हाताने ओढायची साखळीची पुली पुरते.

गाडी उंच करण्याच्या किटविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, पण ज्या गाडीला मागे अखंड अॅक्सल आहे तिथे डिफरन्शियलचा फुगीर डबा होता तिथेच राहतो आणि दगड त्यालाच लागतो. उलट गाडीचे वजन वर गेल्याने वळणावर ती कलते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, ब्रेकचा होज ताणला जातो. त्याच पैशात बसलेले पाटे, गळके शॉकअॅब्सॉर्बर आणि खिळखिळे बुश नवे घातले तर जुनी गाडी आपोआप तिच्या मूळ उंचीवर येते. हे काम कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

स्नॉर्कलविषयी थोडक्यात. इंजिनात पाणी शिरले की ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे खरे. पण २०२० साली आलेली थार कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ६५० मि.मी. पाण्यातून जाऊ शकते. त्याहून खोल वाहत्या ओढ्यात स्नॉर्कल हवा देईल, पण गाडी वाहून जाणे थांबवणार नाही. असा ओढा उतरेपर्यंत थांबावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईचे आदेश राज्यांना दिले. धडकेत पादचाऱ्याला त्याची जबर इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनी बदलाचे निमित्त शोधतेच. म्हणून मोठे काम करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘चालतंय हो’ वर विसंबू नये.

कारागीर बंधू म्हणतील, ‘आम्ही नाही केले तर शेजारचा करील.’ करील, हे खरे आहे. पण गार्ड एकदाच विकला जातो. चेंबरप्लेट, रिले, पाटे-बुश, हुक यांचे गिऱ्हाईक दर पावसाळ्याआधी परत येते आणि सोबत आणखी एकाला आणते. मे महिन्यातच या चार कामांचा एकत्र दर फळ्यावर लिहून ठेवावा, काय बसविले ते बिलावर सुटे सुटे लिहावे, बोल्टचा ग्रेडही लिहावा.

आमच्या छतावरचे चार दिवे आम्ही मागच्या वर्षी उतरविले. गिऱ्हाईक आठवड्यात मिळाले, किंमत घेतल्याच्या एक तृतीयांश आली. ते पैसे आणि वर थोडे घालून मागचे दोन टायर घेतले. पुढचे दोन या मे महिन्यात घ्यावयाचे आहेत.