गाबोळीचा मोह

पहिला जोराचा पाऊस झाला की बाजारात गाबोळीने भरलेले नदीचे मासे येतात आणि घरोघरी तवे तापतात. आम्हीही वर्षानुवर्षे ते आवडीने खाल्ले. पण हे मासे नेमके त्याच दिवसांत एवढे का सापडतात?

नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका पाहा. दमणगंगा आणि पार या इथल्या नद्या पश्चिमेला गुजरातकडे उतरून अरबी समुद्राला मिळतात. पावसाळ्यात इथे मुसळधार, उन्हाळ्यात मात्र ओढे कोरडे. मासे उरलेल्या डोहांत तग धरतात आणि पहिला पूर येताच उलट्या प्रवाहाने ओढ्यांत, भातखाचरांत अंडी घालायला चढतात. हेच चढणीचे मासे. तेव्हा धरलेल्या एका मादीबरोबर पुढची पिढीच जाते. कुणी डोहात ब्लीचिंग पावडर टाकली, तर पिल्लांसह दगडांखालचे जलकिडेही मरतात. माशांचे खाद्यच संपते.

समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. डोंगरातल्या ओढ्यावर पहारा कोण देणार? तिथल्या आदिवासी कुटुंबाने घरापुरते चार मासे धरले, तर आमची तक्रार नाही. भार पडतो तो बाजाराच्या मागणीचा, म्हणजे आपला.

म्हणून आम्ही ठरवले आहे, पावसाचे पहिले दोन महिने नदीची गाबोळी घरात आणायची नाही. तळ्यात वाढवलेले रोहू, कटला मिळतातच. नदी ही अल्लाहची अमानत आहे. भगिनींनो, यंदा आपणही एवढे कराल ना?