आधी चावी नको

१६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनमधील खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडलं, आणि दुबई-शारजात कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर ओळखीच्यांच्या जुन्या फोर-व्हील गाड्या बघायला मी जात होतो. प्रश्न एकच: “स्टार्टर मारून बघू का?”

माझं उत्तर: इतक्यात नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर सगळे स्पार्क प्लग, डिझेल गाडीत ग्लो प्लग, काढून इंजिन पान्याने हळूहळू फिरवा. पाणी बाहेर येईल. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

इंजिन सुरू होऊन झटके देत असेल, तर जुन्या पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून वाळवा. तरीही झटके राहिले किंवा ठोके ऐकू आले, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. एकाच सिलिंडरचं कमी आलं तर रॉड वाकल्याची शंका धरा. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइलही बघा. ब्रीदरमधून तिथे पाणी शिरतं.

यातलं काही जमत नसेल तर गाडी उचलून गॅरेजला न्या. टोइंगचे दिरहम वाचवायला जाल, तर इंजिन गमवाल.