वाण दादाजींचे, नाव घड्याळाचे

भारताने जगाला काय काय दिले हे सांगण्याचा उत्साह आपल्या सार्वजनिक जीवनात अलीकडे फार वाढला आहे. यादी शून्यापासून सुरू होते आणि बघता बघता विमानापर्यंत जाऊन पोहोचते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार अशा वेळी घेतला जातो, त्याची छाननी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली होती. हा ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, या कथेलाही विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. तरीही ती दर काही वर्षांनी नव्या दमाने सांगितली जाते.

या भाकडकथांचा प्रतिवाद झालाच पाहिजे. परंतु आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. शोधकांच्या यादीत खोटी नावे घुसतात, हे वाईटच. पण खरी नावे यादीबाहेर राहतात, हे त्याहून वाईट. आणि ती बाहेर राहतात ती विसरभोळेपणामुळे नव्हे. ज्याच्याजवळ जमीन नाही, पदवी नाही, पेटंट-वकिलाची फी भरण्याची ऐपत नाही आणि ज्याची जात आजवर ज्ञानाच्या ओसरीवरही उभी राहू दिली गेली नाही, त्याच्या हातून शोध लागू शकतो, हेच आपल्या प्रस्थापित व्यवस्थेला मनोमन पटलेले नाही.

उदाहरण दूरचे नको. जानेवारी २०२३ मध्ये विज्ञान परिषदेचे १०८ वे अधिवेशन नागपूर विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भरले. त्या मंडपापासून शंभरेक किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे एक खेडे आहे. मराठवाड्यातल्या शहराशी त्याचा काही संबंध नाही. या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचा दलित शेतकरी राहत होता. जमीन दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' जातीच्या धानाच्या बांधीत त्याला तीन लोंबी वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बाकीच्यांपेक्षा निराळा. त्याने त्या खुडून जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, भोवती काट्यांचे कुंपण केले, आणि वर्षामागून वर्ष निवड करीत बियाणे वाढवत नेले. १९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते बियाणे पेरले आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. बारीक दाण्याचा हा तांदूळ व्यापाऱ्यांना पसंत पडला. त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले.

येथे क्षणभर थांबावे. वाण निर्माण करणाऱ्याचे नाव वाणाला मिळाले नाही, गावाचे मिळाले नाही. मिळाले ते बाजारात खपणाऱ्या दुसऱ्याच एका वस्तूचे. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने घड्याळे बनवणारी ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तांदूळ मात्र विदर्भाच्या धानपट्ट्याबाहेर पसरून अनेक राज्यांत पिकू लागला. इतवारीतून एचएमटी तांदळाची थैली घरी नेणाऱ्या नागपूरकरांपैकी किती जणांना खोब्रागडे हे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

१९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने दादाजींकडून या वाणाचे बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झाले. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ. आता नावात घड्याळ होते, विद्यापीठही होते. नव्हता तो फक्त शेतकरी. विद्यापीठाची बाजू अशी की, मूळ बियाणे शुद्ध नव्हते, ते शास्त्रीय पद्धतीने शुद्ध करण्याचे काम आमच्या शास्त्रज्ञांनी केले.

ही बाजू आम्ही गांभीर्याने घेतो. शुद्धीकरण हे खरे काम आहे, त्याला कौशल्य लागते, वर्षे लागतात, हे मान्य. परंतु मग दादाजींनी वेगळे काय केले होते? हजारो रोपांत वेगळे रोप ओळखायचे, त्याचे बी इतरांत मिसळू न देता वाढवायचे, वाईट ते काढून टाकायचे, चांगले ते ठेवायचे, याला कृषिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'निवड पद्धती' म्हणतात आणि ती पिकांच्या सुधारणेची सर्वांत जुनी पद्धत आहे. हीच कृती पगारी माणसाने प्रयोगक्षेत्रात केली तर ते संशोधन, आणि दीड एकरवाल्याने आपल्या बांधीत केली तर तो केवळ 'कच्चा माल', हा भेद विज्ञानाचा नाही. तो वर्गाचा आणि वर्णाचा आहे. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. शेतकऱ्याच्या घामावर पोसली जाणारी विद्या शेतकऱ्यालाच परकी कशी होते, हे त्यांनी तेव्हा दाखवले होते. बरोबर शंभर वर्षांनी दादाजींनी त्या तीन लोंबी खुडल्या, आणि फुल्यांचा आरोप आपण आपल्या वर्तनाने पुन्हा सिद्ध केला.

दादाजींचा गौरव झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाने देशातल्या प्रभावशाली ग्रामीण उद्योजकांत त्यांची गणना केली. राज्य शासनाने सुवर्णपदक दिले. ते पदक अडचणीच्या वेळी विकायला काढले तेव्हा खऱ्या सोन्याचे नसल्याचे उघड झाले, आणि वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गाजावाजा झाला. मुलाच्या आजारपणात जमीन गेली. अखेरच्या दिवसांत उपचारासाठी लोकांकडे मदतीचे आवाहन करावे लागले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. ज्या व्यवस्थेने त्यांना हिस्सा दिला नाही, तिने हार दिले. सत्कार ही हक्काची जागा भरून काढण्याची आपल्या राज्यकर्त्यांची जुनी आणि स्वस्त युक्ती आहे.

'कायद्याने मार्ग दाखवला आहे, शेतकरीच पुढे येत नाहीत,' असे उत्तर आता दिले जाते. १९९८ साली असा कायदा नव्हता, हे खरे. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीचा कायदा २००१ साली संमत झाला. नवे वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला त्याने पैदासकाराइतकाच नोंदणीचा हक्क दिला, त्याला शुल्क माफ केले, दुसऱ्याच्या वाणातून मिळणाऱ्या लाभात वाटा मागण्याची सोय केली. कागदावर हा कायदा जगातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक आहे. परंतु वाणाचे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य सिद्ध करायचे, मुदतीत दावा दाखल करायचा, दिल्लीशी पत्रव्यवहार करायचा, हे सारे रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाने करावे, ही अपेक्षा म्हणजे त्याच्या हक्काची थट्टाच होय. याच कायद्याचा आधार घेऊन २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर एक कोटीहून अधिक रकमेचे दावे लावले होते, हेही विसरू नये. जनक्षोभ उसळल्यावर ते मागे घेतले गेले. कायद्याचे दार सर्वांना उघडे असते. पण आत शिरायला ज्याच्याजवळ वकील आहे, तोच आधी शिरतो.

भांडवलाच्या दारात ताटकळण्याचे हे दुःख एकट्या शेतकऱ्याचे नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडणारे यंत्र तयार केले. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी इंग्लंडमधले समाजवादी नेते हिंडमन यांच्यापर्यंत शब्द टाकला, रतन टाटांनी पैसा लावला, तरी हा 'भारतीय एडिसन' उमेदीची वर्षे भांडवल शोधण्यात घालवून १९३५ साली न्यू यॉर्कमध्ये निवर्तला. भिसे सुशिक्षित होते, ओळखीपाळखीचे होते. त्यांची ही गत. मग नागभीड तालुक्यातल्या दलित शेतकऱ्याची काय कथा?

दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो याच मुलखाने पाहिला आहे. फ्लोराइडयुक्त पाण्याने माणसांची हाडे वाकत होती, तेव्हा नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या 'नीरी'ने, १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते पाणी पिण्याजोगे करण्याची रीत बसवली. तिच्यात उणिवा आहेत. तुरटी जास्त लागते, गाळाची विल्हेवाट लावावी लागते. परंतु तिचे नाव 'नलगोंडा पद्धती' आहे. ज्या जिल्ह्याने हे दुखणे सोसले, त्याचे नाव शोधाला मिळाले. त्याआधी १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे पारितोषिक जाहीर केले. यंत्र दीडशे रुपयांच्या आत बसावे, झोपडीत बाईला आठ तास फार न थकता चालवता यावे, आणि त्याच्या पेटंटचा हक्क संघाकडे यावा, या त्याच्या अटी होत्या. ते पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पण शोध कोणासाठी, आणि त्याची किंमत चुकवल्यावर तो कोणाचा, हे दोन्ही प्रश्न त्या अटींनी सरळ विचारले होते. आजच्या 'नवोन्मेषा'च्या गजरात हेच दोन प्रश्न ऐकू येत नाहीत.

आमचेच काही मित्र विचारतील, बियाण्यावर मालकी सांगणे समाजवाद्याला शोभते काय? त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही मक्तेदारी मागत नाही. दादाजींनी स्वतःच बियाणे मुक्त हस्ते वाटले. ते पसरले म्हणूनच त्याचे मोल झाले. बियाणे सर्वांचेच राहावे. परंतु सामायिक मालकीच्या नावाखाली देणारा उपाशी आणि विकणारा गबर, ही सामायिकता नव्हे, ही लूट आहे. एकाधिकार नको, हिस्सा हवा.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक विद्यापीठाने शेतकऱ्याकडून घेतलेल्या सामग्रीतून काढलेल्या प्रत्येक वाणाच्या पिशवीवर त्या शेतकऱ्याचे आणि गावाचे नाव छापले जावे. त्या बियाण्याच्या विक्रीतला ठरावीक वाटा त्याने न मागता त्याच्या, आणि त्याच्या मागे त्याच्या कुटुंबाच्या, खात्यावर जमा व्हावा. वाणांची नोंदणी करून देण्याची जबाबदारी शेतकऱ्याची नसून जिल्ह्याच्या कृषी खात्याची असावी. वाण देणाऱ्याला म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे, कारण विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला ते मिळते आणि दोघांचे काम एकच आहे. आणि सुरुवात 'पीकेव्ही एचएमटी'च्या पिशवीपासूनच व्हावी.

प्राचीन विमानांच्या गोष्टी ऐकून छाती फुगवून घेणे सोपे आहे. त्यात कोणाचे देणे लागत नाही. दादाजींचे देणे आपण लागतो. आपल्या ताटातला भात त्याचा हिशोब मागत आहे.