भागीदारी सोडताय? हात मिळवण्याआधी हिशोब मिटवा



भागीदारी सुरू करताना आपण नारळ फोडतो, पेढे वाटतो, स्टॅम्प पेपरवर सह्या करतो. आणि सोडताना? "जाऊ दे रे, तुझं तू बघ, माझं मी बघतो," म्हणतो आणि निघतो. माझं स्पष्ट मत आहे, सीएची गरज सुरुवातीपेक्षा बाहेर पडताना जास्त असते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आम्हा तिघा मित्रांच्या फर्ममधून मी बाहेर पडलो, तेव्हा साध्या कागदावर लिहून घेतलं, भांडवल परत घेतलं, विषय संपला असं समजलो. मागे राहिलेल्या दोघांनी पुढे जीएसटी थकवला आणि दीड वर्षाने नोटीस माझ्या दारात! "अहो, मी तर कधीच सोडलंय," म्हणून उपयोग झाला नाही. जीएसटी कायद्याचं कलम ९० सांगतं की निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत लेखी कळवायची. नाही कळवली, तर कळवेपर्यंत जबाबदारी तुमचीच. माझे १ लाख ४० हजार गेले. एक पत्र न दिल्याची ही किंमत.

आता आयकराकडे या. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की, "माझेच पैसे मी घेतोय, त्यावर कसला कर?" समजा, तुमच्या भांडवल खात्यात ६ लाख आहेत. धंदा वाढलाय, नाव झालंय, म्हणून जाताना तुम्हाला १४ लाख द्यायचं ठरलं. वरचे ८ लाख फर्मचा भांडवली नफा धरले जातात. कर भरायचा फर्मने, म्हणजे मागे राहणाऱ्याने! खात्यातली शिल्लक वाढवण्यासाठी गुडविल किंवा मालमत्तेची किंमत पुस्तकात फुगवली, तरी ती वाढ या हिशोबात धरत नाहीत. २०२१ च्या वित्त कायद्याने ही पळवाट बंद केली.

पैशांऐवजी फर्मच्या नावावरची जागा किंवा माल घेतला तर? फर्मने तो त्या दिवशीच्या बाजारभावाने तुम्हाला विकला असं मानतात. पुस्तकात ८ लाखांना असलेली जागा बाजारात २५ लाखांची असेल, तर नफा २५ लाखांच्या हिशोबाने निघतो, हातात एक रुपया आलेला नसताना.

आणि जाणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. ज्या वर्षात तुम्ही भागीदार होतात, त्या वर्षाच्या फर्मच्या आयकराची जबाबदारी तुमच्यावरही असते. म्हणून "हा कर कोण भरणार" हे वाक्य निवृत्ती करारात हवंच. माझ्या मते मैत्री तुटते ती पैशाने नाही, या न लिहिलेल्या वाक्याने तुटते.

तुमच्या स्वतःच्या रिटर्नचं काय? फर्मच्या नफ्यातला हिस्सा तुमच्या हातात करमुक्त असतो. पण त्या वर्षी मिळालेला पगार आणि भांडवलावरचं व्याज तुमचं उत्पन्न आहे. १ एप्रिल २०२५ पासून पगार, बोनस, कमिशन, व्याज मिळून वर्षाला २० हजारांच्या वर गेलं, तर फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा असतो. कापलेला पैसा तुमच्या पॅनवर दिसतोय ना, ते तपासा. वर्षाच्या मध्येच सोडत असाल तर त्या तारखेपर्यंतचा ताळेबंद करून घ्या.

दोनच भागीदार असतील तर आणखी सांभाळा. एक गेला की फर्मच उरत नाही. राहणारा एकटा मालक होतो, त्याला स्वतःच्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी लागते. जुन्या नोंदणीतलं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नोंदणीत नेता येतं, पण जुनी नोंदणी रद्द करण्याआधी. आधी रद्द केलीत की क्रेडिट अडकलं.

बाकीची कामं थोडक्यात: राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रारला कळवणं, बँकेतली सही बदलणं आणि कर्जाला दिलेली वैयक्तिक हमी सोडवून घेणं.

काही जण म्हणतील, "सर, मित्रावर एवढा अविश्वास?" अहो, कागद अविश्वासासाठी नसतो. उद्या तुम्ही दोघंही नसाल, तेव्हा तुमच्या बायकामुलांना काय ठरलं होतं ते कळावं, यासाठी असतो.

आज एकच काम करा. कपाटातला भागीदारी करार काढा आणि त्यात बाहेर पडण्याचं कलम शोधा. सापडलं नाही, तर सगळं गोड असताना, याच महिन्यात लिहून घ्या. भांडण सुरू झाल्यावर कोणी सही करत नाही.