आधी ऐब सांगा, मग हॉर्सपॉवर

माझ्या हाताखालून दहावी झालेली मुले आता तिशीत आहेत. कुणी दुबईत, कुणी दोह्याला, कुणी पुण्यात आयटीत. सुट्टीवर आली की सलाम-दुआ होते आणि हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "सर, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायचीय, रोज चालवायला. कोणती घेऊ?" मला गाड्यांचे वेड आहे हे त्यांना ठाऊक आहे. या मुलांना बाहेर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. दोन्ही चुकीची आहेत, म्हणून हा लेख.

पहिले उत्तर घरातल्या बुजुर्गांचे. "हा इसराफ आहे बेटा, साधी गाडी घे आणि अल्लाहचे शुक्र मान." इसराफ म्हणजे उधळपट्टी, आणि ती वाईटच. पण हे सांगणारे बुजुर्ग मुलीच्या लग्नात कर्ज काढून हजार माणसांच्या देगा चढवतात, तेव्हा हा शब्द त्यांच्या ओठावर येत नाही. हलाल कमाईतून, व्याजाच्या फेऱ्यात न पडता, पारखून घेतलेले चांगले यंत्र म्हणजे इसराफ, हे मला मान्य नाही. शौक हा गुन्हा नव्हे. शौकाचा हिशोब न करणे हा गुन्हा.

दुसरे उत्तर रीलवाल्यांचे. "भाई, ३६ लाखांची गाडी निम्म्या किमतीत! मेंटेनन्स काहीच नाही!" हे उत्तर जास्त घातक आहे, कारण ते गोड आहे.

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात आणली. फक्त २०० गाड्या, पूर्ण तयार आयात केलेल्या, एक्स-शोरूम किंमत ३५.९९ लाख. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ हॉर्सपॉवर. आज ती कुणाला अर्ध्या पैशात मिळाली, तरी तिची ब्रेक डिस्क, तिचा टर्बो, तिचा हेडलाइट अर्ध्या पैशात मिळणार नाही. तुम्ही गाडी १८ लाखांची घेता, पण पोसता ३६ लाखांची. म्हणून माझा हिशोब असा : गाडीच्या किमतीचा पाव भाग खरेदीनंतर बाजूला उरत नसेल, तर ती गाडी आपली नाही. हप्त्यावर घेणाऱ्याने तर विचारही करू नये. सेकंडहँड गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा बहुधा चढाच असतो. व्याज हराम आहे म्हणून नको, आणि ज्याला तसे वाटत नाही त्यालाही परवडत नाही म्हणून नको.

आता मुलांच्या प्रश्नातला 'रोज' हा शब्द पाहू. मी भाषेचा मास्तर आहे, शब्दावर अडतो. बाकी सगळे 'स्पोर्ट्स'वर खिळतात. रोज म्हणजे काय? रोज म्हणजे मुंब्रा बायपासची रांग. रोज म्हणजे २०११ पासून रुंदीकरण चाललेला आणि अजून पुरा न झालेला मुंबई-गोवा महामार्ग. रोज म्हणजे गुडघे दुखणाऱ्या अम्मीला मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेणे.

टायरचेच घ्या. स्विफ्टला १८५/६५ चा टायर येतो. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिच्या ६५ टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, सुमारे १२ सेंटिमीटर. वेगवान गाड्यांना बरेचदा २२५/४० येतो. त्याची भिंत फक्त ९ सेंटिमीटर. महाडच्या अलीकडे पावसाळ्यातल्या खड्ड्यात चाक आदळते तेव्हा हा ३ सेंटिमीटरचा फरक अलॉय रिमच्या वाट्याला येतो. शोरूमच्या लाद्यांवर तो दिसत नाही.

दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेही तसेच. कोरडे क्लच रांगेत इंचाइंचाने सरकताना तापतात आणि झिजतात. तेलात बुडालेले क्लच हा ताण बरा सोसतात, पण त्यांचे तेल वेळेवर बदलावे लागते. २०१७ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या सहा गिअरच्या बॉक्सला ते साधारण ६० हजार किलोमीटरला बदलायचे असते. मागच्या मालकाने ते बदलले की नाही, याची पावती मागा. पावती नाही म्हणजे बदलले नाही, असेच धरून चला.

म्हणूनच रोजच्या वापरासाठी कुणी विचारले, तर मी ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाडीपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. पाच माणसे बसतात, डिकी ५९० लिटरची आहे, लांबून पाहणाऱ्याला ती साधी सेडान वाटते. मला तो गुणच वाटतो. जुन्या पोर्शच्या आणि जुन्या बीएमडब्ल्यू एमच्या वाटेला रोजच्यासाठी जाऊ नका. पोर्शच्या २००८ पर्यंतच्या कित्येक इंजिनांतले इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग, २००७ नंतर आलेल्या व्ही८ एम३ मधली कनेक्टिंग रॉडची बेअरिंग्ज, यांची ख्याती जगभर आहे. एक छोटा तुकडा जातो आणि अख्खे इंजिन घेऊन जातो. अशा गाड्या ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांच्यासाठी.

पण माझा खरा राग यंत्रांवर नाही, माणसांवर आहे.

एका माजी विद्यार्थ्याबरोबर नवी मुंबईत एका विक्रेत्याकडे गेलो होतो. तोंडाने 'सिंगल ओनर', आरसीवर मालक क्रमांक ३. इंजिनाला 'स्टेज वन' करून जादा ताकद काढलेली, पण ते आम्ही विचारल्यावरच कळले. मीटरवरचा आकडा कमी आणि ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, पेडलचे रबर झिजून गुळगुळीत. काचेवर मात्र सुबक अक्षरांत 'माशाअल्लाह'.

रसूलुल्लाह बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात, वरून कोरडे धान्य आतून ओले लागते आणि ते विक्रेत्याला जाब विचारतात, ही हदीस आपण मदरशात लहानपणी ऐकली आहे. फसवणारा आपल्यातला नाही, हा तिचा निचोड. फिकहमध्ये याचा कायदा आहे : विकणाऱ्याने मालातला ऐब सांगायचा, आणि लपवलेला ऐब नंतर निघाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. जुन्या गाड्यांच्या धंद्यात आपले लोक कमी नाहीत. जुम्याला पहिल्या सफेत उभे राहणारे भाई सोमवारी मीटर मागे फिरवत असतील, तर ओल्या धान्याची ती रास आणि ही गाडी यांत फरक काय? आणि फसलेला गिऱ्हाईक तोंड बंद ठेवून तीच गाडी पुढच्याला खपवतो, तेव्हा तोही त्याच दुकानाचा भागीदार होतो.

दीन बाजूला ठेवा, देशाचा कायदाही झोपलेला नाही. केंद्राच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते मागा. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे काम संपले असे नाही, नाव आरसीवर चढले पाहिजे. अपघात झाला तर कागदावरचा मालक जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा : ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. गाडी थंड असताना सुरू करून बघा, विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जुने दोष आणि सर्व्हिसची नोंद काढा. विक्रेता याला नाही म्हणाला, तर तुमचे उत्तर तुम्हाला फुकटात मिळाले.

राहिला वेग. द्रुतगती मार्गावर मर्यादा १००, समृद्धीवर १२०. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे आठवीतल्या पोरालाही समजावता येते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या महागड्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांच्या फीसाठी अडली होती, आणि पकडलेल्या अल्पवयीन मुलाला आधी जामीन मिळाला तो ३०० शब्दांच्या निबंधावर. निबंध शिकवण्यात माझी उमर गेली. निबंधाने ब्रेक लागत नाहीत. शब-ए-बरातला रिकाम्या रस्त्यावर गाड्या उडवणाऱ्या आपल्या पोरांनाही हे लागू आहे. रस्ता सगळ्यांची अमानत आहे.

तेव्हा बेटा, गाडी जरूर घे. पण विक्रेत्याने हॉर्सपॉवर सांगायला सुरुवात केली की त्याला थांबव आणि म्हण, आधी ऐब सांगा. आणि पाच वर्षांनी तू विकायला उभा राहशील, तेव्हा गिऱ्हाइकाने विचारण्याआधी तू सांग.